ध्वजवंदनाचा अर्थ

राज्य ही मूलतः अमूर्त वस्तू आहे. त्याचे कायदे वाचता येतात, अंमलदार डोळ्यांना दिसतात, महसूल मोजता येतो. परंतु ज्या एकात्मभावावर हा सारा कारभार उभा असतो, तो भाव इंद्रियांना गोचर नसतो, आणि म्हणूनच प्रत्येक राज्याला, मग ते शिवछत्रपतींच्या भगव्या झेंड्याखालचे असो, पेशव्यांच्या जरीपटक्याचे असो, वा आजचे आपले प्रजासत्ताक असो, एखादे निशाण उभारावेच लागते. मात्र निशाण उभारताच एक प्रश्न उद्भवतो आणि तो दिसायला राजकारणाचा असला तरी वस्तुतः धर्मजिज्ञासेचा आहे: वस्त्रखंडापुढे उभा राहून मनुष्य हात उचलतो तेव्हा तो वंदन कोणाला करतो, आणि असे वंदन हुकुमाने घेता येते काय?

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभीच बादरायणांनी प्रतीकोपासनेचा विचार केला असून, मन, आकाश किंवा आदित्य यांची ब्रह्म म्हणून उपासना करणाऱ्याने त्या प्रतीकालाच आपला आत्मा समजू नये, परंतु प्रतीकावर ब्रह्मदृष्टी अवश्य ठेवावी, असा निर्णय दिला आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी लौकिक व्यवहारातला दाखला घेतला: राजाच्या सारथ्याला राजाचा मान दिला तर त्यात सारथ्याचा उत्कर्ष होतो, पण राजालाच सारथी लेखले तर तो अपराध ठरतो. दृष्टी नेहमी श्रेष्ठाची असावी आणि ती कनिष्ठावर ठेवावी. तिची दिशा उलटू देऊ नये. ध्वजाच्या बाबतीत मला याहून अधिक उपयुक्त न्याय ठाऊक नाही. कापडात राष्ट्र पाहणे ही उपासना होय. राष्ट्र आखडून कापडाएवढे करणे हा मात्र तोच अपराध होय, मग तो कितीही भक्तिभावाने घडलेला असो.

आपल्या तिरंग्याचा इतिहास या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. 1921 साली बेझवाड्याच्या अधिवेशनाच्या सुमारास पिंगळी व्यंकय्यांच्या परिश्रमांतून जो झेंडा गांधीजींपुढे आला, त्यात तांबडा रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पुढे जोडलेला पांढरा इतर सर्वांचा, अशी वाटणी होती, व या तिन्हींवर चरखा होता. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु जेथे रंग जमातींच्या नावे लागले, तेथे हिस्सेरशी आलीच. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली, आणि ती अन्यायाची होती असे कोणालाही म्हणता आले नाही. 1931 साली काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. वल्लभभाई, जवाहरलाल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर तीत आपले काकासाहेब कालेलकर होते आणि हिंदुस्थानी सेवादलाचे डॉ. हर्डीकर होते. या समितीने एकरंगी केशरी झेंडा व त्यावर चरखा अशी शिफारस केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईस भरलेल्या महासमितीने ती मान्य केली नाही. तीनच रंग ठेवले, तांबड्याच्या जागी केशरी घेतला, आणि रंगांना जमातींचा अर्थ नाही, केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व वीर्याचा, असे ठरावाने जाहीर केले.

कित्येकांना हा केवळ शब्दांचा फेरफार वाटतो. मला तो त्या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. जमात मनुष्याला जन्माने मिळते व तिचा रंग झेंड्यावर दिसला की तो आपल्या वाट्याची खात्री करून स्वस्थ बसतो. त्याग किंवा सत्य मात्र कोणालाच वारशाने मिळत नाही, ते प्रत्येकाला, तो कोणत्याही पंथाचा असो, नव्याने संपादावे लागते. पूर्वीचा झेंडा नागरिकाला तो कोण आहे ते सांगत होता. नवा झेंडा त्याने काय व्हावे ते सांगू लागला.

22 जुलै 1947 रोजी घटना समितीने नेहरूंनी मांडलेला ध्वजाचा ठराव स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र आले. चरखा एका बाजूने पाहिला असता जसा दिसतो तसा दुसऱ्या बाजूने दिसत नाही, ही नेहरूंनी सांगितलेली अडचण व्यवहाराची होती. परंतु जे चक्र आले ते सामान्य नव्हते. भगवान बुद्धांनी ज्या स्थळी प्रथम धर्मोपदेश केला, तेथे कलिंगाच्या संहाराने पश्चात्तापदग्ध झालेल्या सम्राटाने ते उभारले होते, आणि धर्म स्थिर बसत नसून गतिमान असतो, हा त्याचा अर्थ राधाकृष्णन यांनी त्याच सभेत विशद केला. गांधीजींना मात्र चरखा गेल्याचे दुःख झाले, आणि चरखा नसलेल्या ध्वजाला आपण वंदन करणार नाही असे त्यांनी लिहून ठेवले. त्या लेखाकडे पाठ फिरवणे मला योग्य वाटत नाही. सम्राटाच्या स्तंभापेक्षा दरिद्री स्त्रीच्या हातातील सूत राष्ट्राचे अधिक सत्य प्रतीक आहे, ही त्यांची धारणा होती. आणि ज्याने तो झेंडा देशाला दिला त्यालाच वंदन नाकारण्याचा अधिकार नसेल, तर इतरांच्या वंदनाला मोल ते काय उरले?

भाव हा हुकुमाच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी, ध्वजवंदन हे मूर्तिपूजन होय या श्रद्धेने, शाळेत हात उचलण्यास नकार दिला, तेव्हा 1940 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सक्ती उचलून धरली होती. पण महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 च्या जून महिन्यात, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. आपल्याकडे याच पंथाच्या, केरळातील तीन भावंडांना, राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत असत पण गात नसत, एवढ्या कारणावरून शाळेतून काढण्यात आले. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली व मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. तो न्याय उचित होता.