न दिसलेल्या धोक्याचं पाप

लहानपणी गवताच्या काडीने किड्यांना टोचलं, म्हणून मोठेपणी मांडव्य ऋषींना सुळावर चढावं लागलं. महाभारताच्या आदिपर्वात ते यमधर्मालाच शाप देतात आणि मर्यादा आखतात: १४ वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही.

मग सतराव्या वर्षी स्टिअरिंग धरणाऱ्याचं काय?

नवख्या चालकाची नजर बहुधा गाडीच्या नाकासमोर खिळलेली असते. मुरलेला चालक दूरवर आणि दोन्ही बाजूंना पाहतो. थांबलेल्या बसच्या आडून कुणीतरी धावत येईल, हे तो धरूनच चालतो. ब्रिटनमध्ये २००२पासून लायसन्सच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून असे धोके ओळखायला लावतात. तरुण भूमितीत निष्णात होऊ शकतो, व्यवहारातल्या शहाणपणाला मात्र अनुभव लागतो, असं अॅरिस्टॉटलचंही मत होतं.

तेव्हा ‘मला दिसलंच नाही’ हे अनेकदा खरं असतं. पण चावी देणाऱ्याला मुलाचं वय तरी दिसत होतंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने दोष वाटून टाकला आहे. अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला ठाऊक नव्हतं, हे सिद्ध करणंही त्याच्याच माथी. मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही.