पोळ्यात मनू नाही

चातुर्वर्ण्याची वकिली करणाऱ्यांचे धर्मग्रंथ संपले की ते निसर्गाकडे पळतात. मधमाश्या बघा, म्हणतात. राणी ती राणी, कामकरी ती कामकरी. कुणी मोर्चा काढतं का? म्हणून तर पोळं भरतं! इंग्रजीत कीटकशास्त्रज्ञही राणी, कामकरी आणि नर यांना ‘कास्ट’च म्हणतात. झालं, विज्ञानाचाही शिक्का बसला.

अभ्यासवर्गात हा मुद्दा निघाला की आपली पोरं हसतात, नाहीतर चिडतात. दोन्हीनं उत्तर होत नाही.

मला निम्मं उत्तर रस्त्यात भेटलं. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. त्याच पट्ट्यात एका बैठकीला जाताना एस.टी. चुकली, पायी निघालो. बांधाला एक म्हातारा मधपाळ सातेरीची पेटी उघडून बसलेला.

“पावनं, पेटीच्या तोंडाम्होरं उभं ऱ्हाऊ नका. बाजूला या.”

मी विचारलं, “काका, यातली झाडूवाली कोणती?”

तो हसला. “समद्याच की!”

कामकरी माशी कोशातून बाहेर आली की तिचं पहिलं काम घरं साफ करायचं. मग अळ्यांना भरवायचं, अंगातून मेण काढून पोळं बांधायचं, मध मुरवायचा, दारावर पहारा द्यायचा. साधारण तीन आठवड्यांनी ती फुलांवर जाते. मेलेल्या माश्या ओढून बाहेर टाकायचं कामही मधल्या वयाच्या काही माश्या थोडे दिवस करतात. पुढं त्याही फुलांवर जातात. मेलेलं ओढणारी उद्या मकरंद आणते आणि तो बाटला म्हणून कुणी फेकत नाही.

आमच्या आज्या-पणज्यांनी ढोरं ओढली ती आठवड्यापुरती नाही. हयातभर ओढली, आणि मरताना ते काम पोरांच्या गळ्यात टाकून गेले. त्याला वतन म्हणायचे! ते वतन मोडायला 1958 चा कायदा यावा लागला.

आणि राणी? म्हाताऱ्यानं चौकट उचलून खाली लोंबणारं राणीघर दाखवलं. “अंडं त्येच. खानं येगळं.” अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळाली की राणी. साधारण तीन दिवसांनी ती बंद होऊन मध-पराग सुरू झाला की कामकरी. राणी मेली तर माश्या साध्या कोवळ्या अळीतूनच दुसरी राणी घडवतात. फरक रक्ताचा नाही, ताटाचा आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर त्याच म्हाताऱ्यानं विचारलं, “पावनं कुणाच्यातलं म्हनायचं?”

मी सांगितलं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग मध दिला, पण हातावर नाही. पानावर, वरून सोडून.

दोस्तांनो, इथं थांबून विचार करा. जन्मभर पोळी उघडून बघणाऱ्या माणसाला पोळ्यानं समता शिकवली नाही. म्हणजे निसर्गाचा दाखला देऊन जात टिकवता येत नाही, तशी पाडताही येत नाही. त्याच पोळ्यातून हंगाम सरला की नरांना हाकलून देतात, उपाशी मरायला. तेही आदर्श म्हणून घ्यायचं काय?

बाबासाहेबांनी 1936 च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आणि माणसं निसर्गतः सारखी नसतात, हा आक्षेप त्यांनी टाळला नाही. सारखी नसली तरी वागवायचं समतेनंच, असं त्यांनी बजावलं. समता ही निसर्गात सापडणारी वस्तू नाही. ते माणसानं स्वीकारायचं तत्त्व आहे. माशीला तिच्या रीतीबाहेर जायचं ठरवता येत नाही. माणसाला येतं. येत असून तो जात नाही, म्हणून तो जबाबदार.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पोळं पुढं केलं तर आधी त्याला पोळ्यातलं खरं सांगा. मग विचारा, दाखला खोटा ठरला, आता जात सोडतोस? तो सोडणार नाही. म्हणजे ती त्यानं माशीकडून घेतलेलीच नव्हती. मग माशीवरचा वाद तिथंच संपवा आणि त्याच्याशी माणूस म्हणून भांडा.