घरचा वैरी, दारचा मित्र

दिवाळी आली की जित्याच्या अंगणांतून मातीचे किल्ले उठतात. एकाचा बुरूज फार उंच झाला, की बाकीची पोरे एक होऊन त्यावर चालून जातात. असा खेळ पाहिला की मला तुळाजी आंग्रे आठवतो.

विजयदुर्गावर बसून तुळाजी वाढत गेला. पेशव्यांना तो जुमानीना. कुलाब्याच्या मानाजीशी, म्हणजे आपल्याच भावाशी, त्याचे वैर. शेजारी दुखवीत वाढणाऱ्याविरुद्ध शेजारी एक होणारच. तेवढा दोष त्याचाच. (मी काही त्याचा वकील नव्हे.)

पण नानासाहेबांनी हात धरला तो इंग्रजांचा. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांपुढे विजयदुर्ग पडला आणि बंदरातले आरमार जळून गेले. उद्दाम सरदाराला वेसण घालणे हे राज्यकर्त्याचे कामच आहे, हे मान्य. पण वेसण घालायला गेलो आणि बैलच मारून आलो, तर नांगर कोण ओढणार? जळाली ती गलबते तुळाजीची खरी; मग ती राज्याची नव्हती काय? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकजुटीने कुलाब्यावर आले, तेव्हा कान्होजीच्या मदतीला नानासाहेबांचेच वडील बाजीराव धावून गेले होते. ती चढाई फसली.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. विजयदुर्ग मात्र इंग्रजांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात त्याच्या मोबदल्यात त्यांनी बाणकोट मागून घेतला. सावित्रीच्या मुखावरचा, आपल्या उंबरठ्यावरचा.