दुभाष्याविना स्पॅनिश

युबिसॉफ्ट कंपनीने २००७ साली निन्टेन्डो डीएससाठी ‘माय स्पॅनिश कोच’ हा खेळ बाजारात आणला. डीएस हे दोन पडद्यांचे, हातात धरून खेळायचे यंत्र. खालच्या पडद्यावर लेखणीने लिहिता येई, शिवाय यंत्रात माइकही होता. या सोयींचा खेळात मनापासून उपयोग केलेला होता. आधी तुमची चाचणी, मग धडा, धड्यातले शब्द आणि त्या शब्दांवर बेतलेले लहान खेळ: अक्षरांच्या जाळीत शब्द हुडकणे, जोड्या लावणे, डोके वर काढणाऱ्या नेमक्या शब्दावर टिचकी मारणे. शब्द पक्के झाले की पुढचा धडा उघडे. स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ भाषकाच्या आवाजाशी ताडून पाहण्याचीही सोय होती.

त्याच यंत्रावर लोक पोकेमॉनही खेळत होते. पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून लढवण्याचा हा खेळ भाषा शिकवण्यासाठी केलेला नव्हे. १९९९ पासून त्याच्या स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या त्या स्पेनमधल्या मुलांना आपल्या भाषेत खेळता यावे म्हणून. तरीही माझे ठाम मत आहे की स्पॅनिश शिकू पाहणाऱ्याला ‘कोच’पेक्षा स्पॅनिशमधला पोकेमॉन पुष्कळ अधिक देतो, आणि मराठी माणसाला तर जे देतो ते त्याला दुसरीकडे क्वचितच मिळते.

‘कोच’मधून स्पॅनिश शब्द काढून तिथे मूलद्रव्यांची चिन्हे घातली तर खेळाचे काहीच बिघडत नाही. जाळी तीच, टिचकी तीच, गुण तेच. म्हणजे खेळ एका बाजूला राहतो आणि भाषा दुसऱ्या बाजूला. पोकेमॉनमध्ये भाषा आणि खेळ असे वेगळे काढता येत नाहीत. पाण्याच्या जातीच्या पोकेमॉनने आगीच्या जातीच्या पोकेमॉनवर हल्ला केला की प्रतिस्पर्ध्याची शक्ती दाखवणारी पट्टी झरकन उतरते आणि खाली ओळ उमटते: ‘एस मुई एफिकास’. हल्ला फार परिणामकारक ठरला, हे वाचण्याआधीच डोळ्यांनी पाहिलेले असते. हीच ओळ शेकडो लढायांत येते, पण कुणी कुणावर हल्ला केला हे दरवेळी निराळे असते. दुकानात पोसिओन हे औषध घ्यायचे की अन्तीदोतो हा विषावरचा उतारा, हे गाठीच्या मोजक्या पैशांत ठरवावे लागते. जुन्या खेळांत विषबाधा झालेला पोकेमॉन नुसता चालतानाही खंगत जाई. लांबलचक गुहेत शिरताना अन्तीदोतो जवळ नसला तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हा कधी विसरत नाही. वाटेत भेटलेला माणूस पुढच्या गावाबद्दल काही सांगतो. ते कळले नाही तर नुसते भटकत राहायचे.

आणि हे सगळे खेळणाऱ्याच्या गतीने चालते. बटण दाबेपर्यंत मजकुराची चौकट पडद्यावर तशीच थांबते. चित्रपटातले वाक्य ऐकता ऐकता निघून जाते, वर्गातला धडा घड्याळाबरोबर पुढे सरकतो. इथे एका क्रियापदापाशी हवा तेवढा वेळ अडखळता येते, कोश उघडून पाहता येतो, गाडीत स्टेशन आले तर यंत्र मिटून खिशात टाकता येते.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जेम्स पॉल जी यांनी २००३ साली व्हिडिओ गेम आणि शिक्षण यांवर एक पुस्तक लिहिले. त्यातला त्यांचा एक अनुभव मला फार मोलाचा वाटतो. खेळाची माहितीपुस्तिका त्यांनी खेळण्याआधी वाचली तेव्हा ती डोक्यात शिरेना. काही तास खेळून पुन्हा वाचली तर तिच्यातल्या प्रत्येक शब्दामागे एखादे दृश्य, एखादी कृती उभी राहिली. शब्दांच्या व्याख्या त्यांना दोन्ही वेळा ठाऊकच होत्या. वाढली होती ती शब्दामागची दुनिया. आपल्या शाळांत परकी भाषा शिकवताना हीच दुनिया शेवटपर्यंत येत नाही, आणि मुलांच्या हाती राहतात त्या शब्दार्थांच्या वह्या.

२०१३ च्या ऑक्टोबरात डीएसच्या पुढच्या, थ्रीडीएस या यंत्रावर ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’ आले. त्याआधी कार्ट्रिज जिथे विकत घेतले तिथली भाषा पदरात पडे. या खेळांत पहिल्यांदाच सात भाषा एकत्र आल्या आणि खेळ सुरू होताना त्यांतली एक निवडायला मिळू लागली. एकदा निवडली की ती कायम. बदलायची तर खेळ पुसून पहिल्यापासून सुरू करायचा. पुष्कळांना ही अडचण वाटते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते वरदान आहे, कारण अवघड वाक्य आले की इंग्रजीत पळून जायची वाट बंद होते.

इंग्रजीत पळण्याचा हा मुद्दा आपल्यासाठी कळीचा आहे. मराठी माणसाकडे जगातली जवळजवळ प्रत्येक परकी भाषा इंग्रजीच्या हातून येते. ‘माय स्पॅनिश कोच’ही इंग्रजीतूनच शिकवी. त्यामुळे इंग्रजी भाषकाच्या अडचणी आपण विनाकारण आपल्या म्हणून शिकतो. पोकेमॉनमध्ये एक पोरगा भेटतो, त्याला अर्ध्या चड्ड्या फार आवडतात. स्पॅनिशमध्ये एखादी गोष्ट आवडते हे सांगताना माणूस कर्ता होत नाही, आवडणारी गोष्ट कर्ता होते. एक गोष्ट असेल तर ‘मे गुस्ता’, अनेक असतील तर ‘मे गुस्तान’. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांना ही रचना उलटीपालटी करून समजावून द्यावी लागते. पण ‘मला चड्डी आवडते’, ‘मला चड्ड्या आवडतात’ असे आपण जन्मापासून बोलत आलो आहोत. क्रियापदातूनच व्यक्ती कळत असल्याने सर्वनाम गाळणे, निर्जीव वस्तूलाही लिंग असणे, नामाबरोबर विशेषण बदलणे, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. मध्ये इंग्रजी बसली की हे भांडवल वापरलेच जात नाही. खेळात मध्ये कुणीच नसते. चित्र, पट्टी आणि परिणाम एवढ्यावर मराठी मन थेट स्पॅनिश वाक्याला भिडते. अर्थात सगळेच सोपे होत नाही. जिथे आपण एका ‘असणे’वर भागवतो तिथे स्पॅनिशला ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे लागतात, आणि ती आपल्यालाही नव्यानेच कमवावी लागतात.

उच्चाराच्या वाटेने मात्र इंग्रजी परत येते. पोकेमॉनच्या मुख्य खेळांत पात्रांचा आवाज नाही, सगळा संवाद लिहिलेला. रोमन अक्षरे दिसली की जीभ इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ म्हणते. खरे तर स्पॅनिशची ही व्यंजने दंत्य आहेत, आपल्या ‘त’ आणि ‘द’च्या जवळची. शब्द ‘तोदो’ आहे, ‘टोडो’ नव्हे. कान तयार करायला रेडिओ, गाणी, माणसे यांच्याकडेच जावे लागते. शिवाय या खेळांचे स्पॅनिश स्पेनचे. मुलांच्या घोळक्याला ‘तुम्ही’ म्हणताना ते ‘वोसोत्रोस’ वापरते, मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात तिथे ‘उस्तेदेस’ येते. लॅटिन अमेरिकेचे स्पॅनिश या मालिकेत आले ते २०२५ च्या ‘लेजंड्स: झेड-ए’पासून.

शब्दसंपत्तीचा आक्षेप मी फार मोठा मानत नाही. लढाया आणि औषधे यांचे शब्द बाजारात उपयोगी पडत नाहीत हे खरे. पण भूतकाळ, आज्ञार्थ, शब्दयोगी अव्यये सगळीकडे तीच असतात. घरगुती शब्द हवे असतील तर ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ खेळावा. त्यात शेजारी आहेत, पत्रे आहेत, फर्निचर, मासे, सफरचंद आणि पेअर आहेत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कथा कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. खेळात पडद्यावर घडणारी गोष्ट साथीला असल्याने त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करता येते असे मला वाटते. तरी क्रियापदांची पहिली ओळख वर्गात किंवा पुस्तकातून झालेली बरी.

खरी उणीव निराळीच आहे. या खेळांचा नायक मुका असतो. सारे जग त्याच्याशी बोलते, तो ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच निवडतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या मुलांबद्दल लिहिले. ही मुले शाळेतले अनेक विषय फ्रेंचमधून शिकत. फ्रेंच त्यांना उत्तम समजे, पण बोलताना आणि लिहिताना कित्येक वर्षांनंतरही व्याकरण डगमगे. समजणे आणि बोलणे यांच्या वाटा कुठेतरी वेगळ्या होतात. स्पॅनिश पोकेमॉन खेळून वाचक घडेल, बोलणारा घडणार नाही, हे आधीच मान्य करून त्याकडे गेले पाहिजे.

पण नुसता वाचक घडवणे हीच ज्यांची गरज आहे अशी मुले आपल्याच घरांत आहेत. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत आजीशी फोनवर बोललेले मुलांना कळते, देवनागरी परिच्छेद मात्र त्यांना पेलत नाही. तिकडच्या मराठी शाळा आठवड्याअखेरच्या सुट्टीत निष्ठेने चालतात. तिथे अक्षरे गिरवली जातात, शब्दांचे तक्ते पाठ होतात, आणि सोमवारी मूल पुन्हा इंग्रजीच्या जगात जाते, जिथे मराठी वाचले नाही म्हणून काही अडत नाही. कानाने भाषा आलेली, डोळ्यांनी न आलेली अशा या मुलांसाठी मजकुराने भरलेला, बटणाची वाट पाहणारा, न वाचल्यास पुढे न सरकणारा खेळ नेमका हवा तसा आहे. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर भाषांच्या यादीत एकही भारतीय भाषा नाही, आणि ती येण्याची वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा पाळीपाळीने खेळायचा मुक्तस्रोत खेळ २००३ पासून सर्वांना फुकट मिळतो. त्यात लांबलचक कथा आहेत, पानोपानी संवाद आहेत आणि वेगवेगळ्या भाषांतली त्याची भाषांतरे स्वयंसेवक करतात. तो सहज, ओघवत्या मराठीत आणण्याचे काम एखाद्या मराठी मंडळाने अंगावर घेतले तर त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही. लागतील ती मराठी चांगले लिहिणारी चार माणसे, आणि त्यांनी तो खेळ आधी स्वतः मनापासून खेळलेला असावा.