फ्रेमच्या मागचा पत्ता

एखादी वस्तू किती जुनी आहे हे ओळखायची आमच्या जिल्ह्यात एक सोपी युक्ती आहे. वस्तू उलटी करायची आणि मागचा पत्ता वाचायचा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या आरशावर, डबीवर किंवा तसबिरीवर ‘ता. शहादा, जि. नंदुरबार’ असं छापलेलं असेल, तर ती त्या तारखेआधीची असूच शकत नाही. ‘जि. धुळे’ असेल तर बहुधा आधीची. पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. आणि कुठे ‘पश्चिम खानदेश’ वाचायला मिळालं तर वस्तू आजीच्या तरुणपणातली समजा आणि खाली ठेवताना जपून ठेवा.

वरचं ‘बहुधा’ मुद्दाम लिहिलंय. छापखान्यातून हजार लेबलं आणलेला दुकानदार जिल्हा बदलला म्हणून ती फेकून देत नाही, संपेपर्यंत चिकटवतो. म्हणजे जुना पत्ता नवीन वस्तूवर सापडू शकतो. नवीन पत्ता मात्र जुन्या वस्तूवर सापडत नाही. पुरावा एकाच बाजूने पक्का असतो.

जगभर हा छंद मोठ्या गांभीर्याने चालतो. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. तिथले कप, बिल्ले, नकाशे जमवणारे लोक आधी तळाची बारीक अक्षरं वाचतात. ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असेल तर माल साधारण १९८६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. तिथल्या कीचेनवर इंग्रजीत ‘बॉम्बे’ असेल तर अंदाज १९९५ च्या आधीचा. मराठी मजकुरावर ही युक्ती चालत नाही. मराठीत ते कायम मुंबईच होतं.

पण गोराई आमच्यापासून लांब. आमचं थीम पार्क म्हणजे तापीकाठची सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन, घोड्यांचा बाजार, पाळणे, मौत का कुआँ, बांगड्या, खेळणी, आणि घरी जाताना काहीतरी हातात. त्या ‘काहीतरी’चा मी संग्रह करतो. नोकरी कोडिंगची, त्यामुळे प्रत्येक वस्तूची एक्सेलमध्ये एक ओळ: काय, कुठून, कोणाकडून, कधीची. चौथ्या रकान्यानेच घोळ घातला.

माझ्या फुईच्या (खानदेशात आत्याला फुई म्हणतात) देव्हाऱ्यात दत्ताची एक छोटी फ्रेम आहे. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेतून फुवांनी आणलेली, असं ती सगळ्यांना सांगते. लग्न १९९३ चं. फुवा १९९७ मध्ये गेले. गेल्या दिवाळीत देव्हारा पुसताना तिने फ्रेम माझ्या हातात दिली आणि सवयीने मी ती उलटी केली. मागच्या खाकी कागदावर फ्रेमवाल्याचा शिक्का होता. जि. नंदुरबार.

आता सांगायचं का?

तारीख ही तारीख असते, असं म्हणता येतं. फुईला वाईट वाटेल म्हणून १९९८ मागे सरकत नाही. आणि सत्य सांगणं म्हणजे समोरच्याला मोठं माणूस मानणं, हेही खरं. पण तिने मला वय विचारलं नव्हतं. तिने फ्रेम पुसायला दिली होती. मला जे कळलं ते मला हवं होतं म्हणून कळलं. माझ्या कुतूहलाचा खर्च तिने का सोसायचा? सत्य आपल्या हातात आलं म्हणून ते वाटत सुटायचा परवाना मिळतो, असं मला वाटत नाही.

दोन दिवसांनी मी नुसतं विचारलं, फुई, हिची काच कधी बदलली होती का? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पहिली फुटी गयी व्हती ना रे.” पोरांच्या खेळण्यात फुटली, चित्रही फाटलं. मग पुढच्या यात्रेत ती एकटी गेली आणि तशीच दुसरी घेऊन आली. आणि लगेच पुढे: पण आणलेली त्यांचीच आहे.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी ज्याला शोध समजत होतो ती तिच्यासाठी बातमीच नव्हती.

संग्राहकाच्या भाषेत ही फ्रेम ‘ओरिजिनल’ नाही. पण फुई खोटं बोलते का? मला वाटतं, नाही. तिच्या लेखी आठवण-वस्तू म्हणजे लाकूड आणि काच नाही, फुवांनी तिच्यासाठी काहीतरी आणलं ही घटना आहे. घटना फुटत नाही. तिला टेकायला एक फ्रेम लागते, आणि ती रिकामी राहू नये म्हणून तिने स्वतःच्या पैशाने दुसरी आणली. फोन बदलला तरी गॅलरीतला फोटो तोच असतो, हे आपण एका क्षणात मान्य करतो. तिने तेच केलं, फक्त बॅकअपसाठी बसने सारंगखेड्याला जाऊन.

अवघड प्रकरण वेगळं आहे. समजा तिला माहीत नसतं. समजा घरातल्या कोणी गुपचूप बदलून ठेवली असती. तेव्हा? तेव्हाही मी आपणहून बोललो नसतो. पण तिने सरळ विचारलं असतं तर खोटंही बोललो नसतो. आणि एक्सेलमध्ये १९९३ तर कधीच लिहिलं नसतं.

कारण वय खोटं लिहिण्याचा त्रास कुणालातरी होतोच. चोर बाजारात नवं पितळ काळवंडवून ‘अँटिक’ म्हणून विकतात, ऑनलाइन तर दहा वर्षांची वस्तूही ‘विंटेज’ असते. घेणारा फसतो. कायदाही यात फार मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू सर्वसाधारणपणे शंभर वर्षं जुनी असावी लागते. यात्रेतली पत्र्याची गाडी त्यात कुठून बसणार? शिवाय एक तिसरा माणूस आपण विसरतो: बनवणारा. यात्रेतल्या खेळण्यावर कारागिराचं नाव नसतं. त्याने हे कधी केलं, एवढी एकच नोंद त्याच्या वाट्याला येऊ शकते. आपल्या भावनेसाठी तीही पुसायची हा मला अन्याय वाटतो. तो फ्रेमवाला १९९८ नंतर तिथे बसून चौकटी ठोकत होता, हेसुद्धा खरंच आहे ना.

म्हणून मी रकाने दोन केले. ‘वस्तू कधीची’ आणि ‘आठवण कधीची’. फुईच्या ओळीत पहिल्यात ‘१९९८ नंतर’, दुसऱ्यात ‘१९९३’. डेटाबेसवाल्याला दोन तारखांची भांडणं नवी नाहीत, आम्ही कुठलीच खोडत नाही. फ्रेम अर्थात तिच्याच देव्हाऱ्यात आहे. मागितली नाही, मागणारही नाही.

यंदा यात्रेत मगवर फोटो छापून देणारा एक स्टॉल होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा आणि पाच मिनिटांत मग तयार. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून तो कधी काढला ही आतली माहिती गळून जाते, आणि मगाच्या तळाशी पत्ताही नव्हता. तीस वर्षांनी तो कोणी उलटा केला तर हाती काही लागणार नाही. स्टॉलवाला मात्र प्रत्येकाला विचारत होता, “खाली तारीख टाकू का?” माझ्यापुढे एक जोडपं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, नको, नावंच टाका.