आडाळो

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ देवगडच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे चाललं होतं. तौक्ते म्हणजे पाल. नाव म्यानमारनं दिलेलं. पाल चुकचुकलेली आम्ही कितीदा ऐकली होती, कौलं उडवणारी पहिल्यांदाच बघितली. पडवीवर माड कोसळला तसे दीर ओरडले, ‘स्लॅबच्या घरात चला!’ हाताला आलं ते उचलून मी जाऊबाईंकडे धावले. आत जाऊन बघते तर काखेत आडाळो.

सातबारा, पासबुकं कपाटात. देव देव्हाऱ्यात. जाऊबाई म्हणाल्या, ‘गे, देव थंयच ठेवन आडाळो घेवन इलंस?’

आडाळो म्हणजे खवणीची विळी. हा सासूबाईंचा. फणसाचा पाट बसून बसून खोलगट झालेला, पातं झिजून बोटभर उरलेलं, खवणीचा एक दात तुटका. तो दात चुकवून नारळाची कवड कशी फिरवायची हे त्यांनी मला माझ्या पहिल्या चवथीला शिकवलं. नवा बाजारात मिळतो. मिक्सरही आहेच.

त्याच दिवशी आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या, खलाशी गेले. त्यापुढे आडाळ्याचं सांगायला लाज वाटते. पण दर चातुर्मासात पोथी वाचून ‘आपलं काय आहे इथं?’ असं दुसऱ्यांना ऐकवणारी मीच होते ना!

मिथिला पेटली तरी आपलं काही जळत नाही, असं म्हणणाऱ्या जनकाचं कौतुक सगळे करतात. मला नेहमी वाटतं, मिथिलेत इतरांचीही घरं होती. महाभारताच्या शांतिपर्वात अर्जुन जनकाचीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र फारसं कुणी सांगत नाही. राजा राज्य सोडून, डोकं मुंडवून, मूठभर धान्यावर राहू लागतो. राणी त्याला गाठून विचारते, तुमचा हा कमंडलू कुणी फोडला, दंड पळवला, अंगावरचं वस्त्र ओढून नेलं, तर मनाला काय वाटेल? सगळं सोडलंत म्हणता, मग या मुठीवर जीव का? बाईनं नेमकं बोट ठेवलंय. राज्य सुटतं, कमंडलू सुटत नाही.

सोडण्याची सवय आम्हाला नाही असं नव्हे. दर वर्षी गणपती घरात बसवतो, माटवी सजवतो, लाड करतो आणि स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडतो. पण येताना पाट रिकामा आणत नाही. त्यावर मूठभर वाळू असते, ती घरात आणून ठेवतो. ही रीत घालून देणाऱ्याला माणूस नीट कळला होता.

देव सुखरूप राहिले. देव्हाऱ्यावरची कौलं तेवढी शाबूत होती. त्या वर्षीच्या चवथीला मोदकांचं खोबरं त्याच आडाळ्यावर खवलं. तुटक्या दातापाशी हात आपोआप वळला. जाऊबाई शेजारी चून ढवळत होत्या. म्हणाल्या, ‘परत वादळ इला तर?’

म्हटलं, ‘देव तुम्ही घ्या.’