जेवणाआधीचा न्याय

चि. ओंकार,



डॅनियल कानेमान यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ वाचून तू भारावला आहेस, आणि त्यातली न्यायाधीशांची गोष्ट आईपासून शेजारच्या वकीलकाकांपर्यंत सगळ्यांना सांगून झाली, असं लिहितोस. तिच्याचविषयी थोडं.

गोष्ट इस्रायलमधली. पॅरोलच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या 8 न्यायाधीशांचे हजाराहून अधिक निकाल संशोधकांनी तपासले. खाणंपिणं उरकून न्यायाधीश बसले की सुरुवातीच्या अर्जांपैकी सुमारे 65 टक्के मंजूर. पुढची सुट्टी जवळ येईल तसा हा आकडा उतरत जवळजवळ शून्यावर. 2011 साली हा निबंध आला आणि त्याच वर्षीच्या या पुस्तकात जाऊन बसला. थकलेला, भुकेला मेंदू ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. लगेच पटतो. उपाशीपोटी माणूस कसा वागतो, हे तुझ्या आजीला विचार. माझी उदाहरणं ती आनंदाने देईल.

पण त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी चौकशी केली, की अर्ज पुढे येतात ते कोणत्या क्रमाने? तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता. एका तुरुंगाची प्रकरणं सुट्टीआधी संपवायचा प्रयत्न असे, आणि वकील नसलेले कैदी बहुधा शेवटी येत. वकील नसला की अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मुळातच जास्त! मूळ संशोधकांनी यालाही उत्तर दिलं. माझं मत विचारशील, तर भुकेचा थोडाफार परिणाम असेलही. पण पासष्टवरून शून्यावर आणण्याइतका तो असता, तर जेवणाआधीच्या तासात जगातल्या एकाही कचेरीत काम झालं नसतं.

पण तेवढ्यावरून पुस्तक मिटून ठेवू नकोस. कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी माणूस तोट्याला किती घाबरतो, जोखीम कशी तोलतो, यावर केलेलं काम भक्कम आहे. 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल कानेमानना त्यासाठीच मिळालं. ट्वर्स्की 1996 सालीच गेले होते. ‘प्रायमिंग’चं प्रकरण मात्र जपून वाच. एखादा शब्द नजरेखालून गेला की नकळत वागणं बदलतं, असं सांगणारे त्यातले काही प्रयोग पुन्हा केल्यावर टिकले नाहीत. छोट्या नमुन्यांवर आपण फार विश्वास टाकला, हे पुढे कानेमाननी स्वतःच मान्य केलं. गंमत अशी, की संशोधक छोट्या नमुन्यांवर भाळतात हे याच दोघांनी 1971 साली लिहून ठेवलं होतं. ज्याला हे माहीत होतं तोही फसला. त्या कबुलीमुळे माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

आता एक काम कर. पुस्तकातला तुला सर्वांत आवडलेला प्रयोग निवड, टिपांवरून मूळ निबंध शोध, आणि त्यात किती माणसं होती, ती कोण होती, तो प्रयोग नंतर कुणी पुन्हा करून पाहिला का, एवढं मला पुढच्या पत्रात कळव. वकीलकाकांनाही वकील नसलेल्या कैद्यांचं सांगून ये.

तुझा,
आजोबा